वॉटरप्रूफ मस्कारा काढताना: खोबरेल तेल की दोन थरांचा रिमूव्हर?

लग्नाहून रात्री बाराला घरी आल्यावर साबणाने डोळे चोळणं हा सगळ्यात वाईट उपाय. वॉटरप्रूफ मस्काऱ्यात मेण आणि पाण्याला न जुमानणारा थर असतो. तो पाण्याने नाही, तेलानेच सुटतो.

खोबरेल तेल घरात असतंच, स्वस्त आहे आणि त्याला सुगंधाची भानगड नाही (साधं, खाण्याचं घ्या, केसांचं सुगंधी नको). पण ते जड. जरा जास्त झालं की डोळ्यात उतरतं आणि थोडा वेळ सगळं धुरकट दिसतं. पापणीच्या कडेला तैलग्रंथींची तोंडं असतात, तिथे ते रोज साचू देणं बरं नाही. म्हणून नंतर सौम्य फेसवॉश हवाच. थंडीत ते गोठतं, तेव्हा तळहातावर चोळून पातळ करायचं.

दोन थरांच्या रिमूव्हरमध्ये वर तेलकट थर, खाली पाणी. वापरण्याआधी बाटली हलवावीच लागते; न हलवता ओतलं तर कापसावर एकच थर येतो आणि मग आपण उगाच बाटलीला शिव्या घालतो. चिकटपणा कमी, किंमत जास्त.

दोन्हीत युक्ती एकच: भिजलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता ठेवा, मग खालच्या दिशेने हलकेच ओढा. लेन्स असतील तर आधी काढा.

माझं मत? कधीमधी मेकअप करणारीला तेल पुरे. रोज लावणारीने, लेन्सवालीने तर नक्कीच, रिमूव्हर घ्यावा. चिकटवलेल्या कृत्रिम पापण्या असतील तर तेल नकोच, गोंद सुटतो.