बंगला खरा होता, बुकिंग घेणारा खोटा

ज्या बंगल्याच्या नावाने आमच्याकडून ४६,००० रुपये उकळले गेले, तो बंगला अलिबागजवळ नागावला खरोखरच आहे. नारळी-पोफळीची वाडी, मागे पोहायचा तलाव, कौलारू खोल्या, सगळं फोटोत दिसतं तसंच. मालकही भला माणूस आहे आणि आमच्या पैशांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हे आधीच सांगते, कारण अशी गोष्ट निघाली की लोक पहिला प्रश्न विचारतात, "जागा आहे की नाही ते बघितलं नव्हतं का?" बघितलं होतं. नकाशावर जागा सापडत होती, तिच्याखाली पाहुण्यांचे अभिप्राय होते आणि तेही खरे होते. आम्ही केलेली सगळी तपासणी बंगल्याची होती आणि बंगला तिला पुरून उरला. पैसे घेणारा माणूस कोण, याचं उत्तर त्यातल्या कशातच नव्हतं.

२०२५ सालचा १५ ऑगस्ट शुक्रवारी आला होता. शनिवारी दहीहंडी, मग रविवार. अशी सलग सुट्टी लागली की मुंबई-ठाणे-पुण्याची निम्मी माणसं एकाच वेळी घाटाकडे नाहीतर समुद्राकडे निघतात. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं राहून गेलं होतं. पुण्याहून ताई-भाऊजी, ठाण्याहून आम्ही आणि सगळी मुलं असा बेत ठरला. लोणावळ्याची गर्दी आईला सोसणार नव्हती, महाबळेश्वरचे चढउतारही नकोत. समुद्राजवळची सपाट जागा आणि आईसाठी तळमजल्यावर एक खोली, एवढीच अट होती. ओळखीची घरं भरलेली होती. मग सोशल मीडियावर या बंगल्याचं एक पेज सापडलं. भरपूर रील्स, रोज नवी पोस्ट, खाली व्हॉट्सअ‍ॅप नंबर.

फोनवरचा माणूस स्वच्छ मराठी बोलत होता. प्रत्येक वाक्याला "ताई". अशा लोकांची भाषा मोडकीतोडकी असते आणि ती ऐकली की संशय येतो, असं अनेकांना वाटतं. तो समज मनातून काढून टाका. त्याने मागायच्या आधीच लोकेशन पाठवलं, स्वतःचं म्हणून आधार कार्डाचा फोटो पाठवला, वर जीएसटीचं बिलही. तीन रात्रींचे ३६,०००, त्यातले निम्मे आता, उरलेले पोचल्यावर. आणि मग ते वाक्य, "ताई, दोन पार्ट्या वेटिंगवर आहेत. अर्ध्या तासात आलं तर तुमच्या डेट्स ब्लॉक करतो, नाहीतर मला सोडाव्या लागतील."

या वाक्याचं वाईट हे की लाँग वीकेंडला ते खरंही असू शकतं. खऱ्या मालकाकडेही त्या दिवसांत रांग असते. एरवीच्या मंगळवारी कुणी असं म्हटलं तर आपण हसून फोन ठेवू. सुट्टीच्या तोंडावर मात्र आपणच त्याच्या बाजूने विचार करायला लागतो. घरी ग्रुपवर सगळे विचारत असतात, झालं का, झालं का. तो धाक त्याला निर्माण करावा लागत नाही, कॅलेंडरच करून देतं. म्हणूनच ही माणसं सुट्ट्यांच्या आधीच उगवतात.

आता त्याने पाठवलेल्या एकेका पुराव्याबद्दल.

आधार कार्डाचा फोटो म्हणजे ओळखीचा पुरावा नव्हे. ते कार्ड बहुतेक आधी फसलेल्या कुणाचं तरी असतं. "चेक-इनसाठी सगळ्यांचे आयडी पाठवा" म्हणून आमचेही त्याने मागून घेतले होते. ते आता कुणाला पाठवले जात असतील, या विचाराने मला पैशांपेक्षा जास्त अस्वस्थ वाटतं. जायच्या आधी ओळखपत्र द्यावंच लागलं तर आधारचे फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारी मास्क्ड प्रत आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून काढता येते, ती द्या.

जीएसटीच्या बिलावर क्रमांक होता आणि त्याची सुरुवात ०९ ने होत होती. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची. महाराष्ट्राचा आकडा २७ आहे, ०९ उत्तर प्रदेशचा. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर कुणालाही, लॉगिन न करता, क्रमांक टाकून तो कोणाच्या नावावर आहे ते बघता येतं. आमच्या बिलावरचा क्रमांक नंतर टाकला तर भलत्याच कुठल्यातरी हार्डवेअर व्यापाऱ्याचं नाव आलं. आणखी एक लक्षात घ्या. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या छोट्या होमस्टेला जीएसटी नोंदणी लागतच नाही. त्यामुळे बिल नसलेला मालक लबाड ठरत नाही आणि बिल पाठवणारा सज्जन ठरत नाही.

सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे यूपीआयचा पडदा. पिन टाकण्याआधी तिथे खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. आमच्या पडद्यावर बंगल्याचं नाव नव्हतं, आधार कार्डावरचंही नव्हतं. विचारलं तर उत्तर तयार होतं, "आमच्या अकाउंटंटचं खातं आहे ताई, सीझनमध्ये माझं लिमिट संपतं." ऐकायला पटण्यासारखं. पण फोटो, रील, बिल, आधार, सगळं चोरता येतं आणि पैसे मात्र त्याला स्वतःच्या ताब्यातल्या खात्यातच घ्यावे लागतात. तिथलं नाव जुळलं नाही की व्यवहार तिथेच थांबवायचा, स्पष्टीकरण कितीही गोड असलं तरी.

१८,००० गेले. त्यानंतर ५,००० सिक्युरिटी डिपॉझिट, "चेक-आउटला परत". तेही गेले. मग खरा डाव आला. "ताई, सिस्टमने दोन वेगळ्या एन्ट्र्या धरल्यात, बुकिंग कन्फर्म होत नाहीये. २३,००० एकरकमी पाठवा, आधीचे २३,००० आपोआप रिफंड होतील." ही रक्कम भाऊजींनी भरली, कारण आधीचे पैसे परत मिळवायचा तोच एक मार्ग आहे असं त्याने भासवलं. जगातल्या कुठल्याही बुकिंगमध्ये पैसे परत मिळण्यासाठी आणखी पैसे भरावे लागत नाहीत. ही मागणी कानावर पडली की पुढचा फोन त्याला करायचा नाही, १९३० या मदत क्रमांकावर करायचा.

आम्हाला कळलं ते ताईमुळे. आईच्या खोलीत कमोड आहे ना, हे विचारायला तिने फोन लावला, तर तो बंद. तिने मग एक चांगली गोष्ट केली. नकाशावर पाहुण्यांनी टाकलेले फोटो एकेक करून मोठे करून बघितले. एका फोटोत मुलं फाटकाशी उभी होती आणि मागे फाटकावरच्या पाटीवर मोबाइल नंबर रंगवलेला होता. आमच्याकडच्या नंबरापेक्षा वेगळा. त्यावर खरा मालक भेटला. आम्ही काही बोलायच्या आधीच त्याने ओळखलं. त्याच्या दारात सुट्टीच्या दिवशी सामान घेऊन उतरलेली कुटुंबं त्याने आधी पाहिली होती. त्याने त्या पेजविरुद्ध तक्रारही केली होती.

त्याच्याशी बोलताना दोघांमधला फरक इतका स्पष्ट जाणवला की तो लिहून ठेवावासा वाटतो. हा माणूस विचारत होता माणसं किती, लहान मुलं किती, गाड्या किती, जेवण घरचं हवं का, आई पायऱ्या चढू शकतात का. पुढे कधी आलात तर पहाटेच निघा, नाहीतर वाटेत वडखळला अडकाल, हेही त्याने सांगितलं. त्या दुसऱ्याने इतक्या बोलण्यात आम्ही कोण, किती, कसे येणार यातलं काहीही विचारलं नव्हतं. त्याला फक्त तारीख आणि पैसे माहीत होते.

पैसे गेल्याचं लक्षात आलं की पहिला तास सोन्यासारखा असतो. त्याला फोन करून भांडू नका, विनवण्या करू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. फोन लावण्याआधी प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ, आपल्या बँकेचं नाव आणि पैसे गेले तो यूपीआय आयडी समोर ठेवा. ते तक्रार नोंदवून संबंधित बँकेला कळवतात आणि खात्यात पैसे शिल्लक असतील तर ते रोखले जातात. पैसे पुढे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात हलवायला या टोळ्यांना वेळ लागत नाही, म्हणून ही घाई. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार पूर्ण करावी लागते. आमचे पहिले पैसे कधीच पुढे गेले होते. भाऊजींनी भरलेल्यातली काही रक्कम रोखली गेली, पण ती सोडवायला पोलीस ठाणं आणि न्यायालयातला अर्ज, असा लांबचा रस्ता होता.

बँकेकडून भरपाई मिळेल या आशेवर राहू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाला संरक्षण दिलं होतं, ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. इथे पिन आपण टाकलेला असतो. आमच्या बँकेने हेच उत्तर दिलं.

आणि एक दुसरा सापळा, ज्याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत एक फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा." त्याला रक्कम माहीत होती, तारीख माहीत होती. माहीत असणारच, कारण ही माहिती त्याच टोळीकडे असते. १९३० वर तक्रार करायला किंवा पैसे परत मिळायला पोलीस कुठलीही फी घेत नाहीत. ज्या नंबरांवरून असे फोन आणि मेसेज येतात ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू'मध्ये कळवता येतात. आम्ही दोन्ही नंबर तिथे कळवले.

घरातल्यांसाठीही एक विनंती आहे. ज्याने बुकिंग केलं किंवा पैसे भरले त्याच्यावर तुटून पडू नका. भाऊजी पहिले काही तास कुणालाच काही बोलले नाहीत, कारण घरी काय ऐकावं लागेल याची त्यांना धास्ती होती. तेवढ्या वेळात पैसे या खात्यातून त्या खात्यात गेले. २०२६ मध्ये १ मे शुक्रवारी आहे आणि २ ऑक्टोबरही शुक्रवारी. तुमच्या ग्रुपवरही कुणीतरी बंगल्याचे फोटो टाकील. जो पैसे भरणार आहे त्याला फोन करून पडद्यावर कोणाचं नाव येतंय तेवढं वाचून दाखवायला सांगा, आणि मगच त्याने पिन टाकावा.