थंडीत इंजिन सुरू करताना: प्रायमर की थ्रॉटल पंपिंग?

गार हवेत इंधनाची वाफ नीट होत नाही, म्हणून विमानाच्या कार्ब्युरेटर (हवेत इंधन मिसळणारा भाग) असलेल्या इंजिनाला सुरुवातीला जादा इंधन द्यावं लागतं.

प्रायमर, म्हणजे कॉकपिटमधला छोटा हातपंप, ते इंधन थेट सिलिंडरच्या इनटेक पोर्टपाशी फवारतो. नॉब बाहेर ओढा, पंप भरेपर्यंत क्षणभर थांबा, मग आत ढकला. थंडीत सहसा 4 ते 6 स्ट्रोक लागतात. नेमका आकडा विमानाच्या हँडबुकात पाहा. शेवटी नॉब लॉक कराच. तो सैल राहिला तर इंजिन चालू असतानाही त्यातून इंधन ओढलं जातं, मिश्रणात इंधन जास्त होतं आणि आयडलिंग (मंद गतीनं चालणं) खडबडतं.

थ्रॉटल पंपिंग, म्हणजे थ्रॉटल पुढे-मागे करून कार्ब्युरेटरमधून इंधन मारणं, सोपं वाटतं, पण बहुतेक अशा इंजिनांत कार्ब्युरेटर खाली असतो. इंजिन फिरत नसताना मारलेलं इंधन वर न जाता एअरबॉक्समध्ये (कार्ब्युरेटरला हवा पुरवणाऱ्या पेटीत) ठिबकतं, आणि एक बॅकफायरही (इंजिनातून उलटा येणारा भडका) आग लावायला पुरतो. पंपिंग करायचंच तर स्टार्टर फिरत असतानाच करा. आग लागलीच तर क्रँकिंग (स्टार्टरनं इंजिन फिरवणं) थांबवू नका. मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद. ज्वाळा आत ओढल्या जातात.

आमची पसंती निःसंशय प्रायमरला. मात्र इंजिन दोन-चार फेरे मारून बंद पडलं, तर स्पार्क प्लगवर बर्फ धरलेला असू शकतो. तिथे दोन्ही उपाय निरुपयोगी. इंजिन गरम हवेनं तापवावंच लागतं.