पाळीव प्राण्यांच्या फोटोंसाठी प्रीसेट: फोनचा फिल्टर, तयार संच की स्वतः बनवलेला?

आमच्या घरात एक काळी कुत्री आहे, एक केशरी बोका आणि एक पांढरा ससा. फोटो एडिट करायला शिकत होते तेव्हा मी एकच प्रीसेट तिघांवर चालवायची, आणि तिघांपैकी कुणीच स्वतःसारखं दिसायचं नाही. कुत्री राखाडी व्हायची, बोका फिका पडायचा, आणि सशाच्या पाठीवरचे केस जाऊन तिथे नुसता पांढरा डाग उरायचा. त्यातून जे कळलं ते आधीच सांगते, कारण पुढची तुलना त्यावरच उभी आहे. प्राण्याच्या फोटोसाठी प्रीसेट निवडताना फोटोच्या 'मूड'चा विचार नंतर करावा, अंगावरच्या केसांच्या रंगाचा आधी.

प्रीसेट म्हणजे कुणीतरी एका फोटोवर हलवलेल्या स्लायडरची जपून ठेवलेली नोंद. एक्स्पोजर (एकूण उजेड) इतकं वाढवलं, शॅडोज (अंधारे भाग) इतक्या उचलल्या, हिरवा रंग इतका कमी केला, एवढंच त्यात असतं. तो लावला की तेच आकडे तुमच्या फोटोवर बसतात. समोर कुत्रा आहे की डोंगर, हे साध्या प्रीसेटला कळत नाही. म्हणून तो कुठल्या फोटोसाठी बनला होता, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

तुलनेसाठी मी तीन फोटो घेतले आणि प्रत्येक मार्गाने तेच तीन एडिट करून शेजारी शेजारी ठेवले: खिडकीजवळ बसलेली काळी कुत्री, संध्याकाळच्या उन्हातला केशरी बोका, गवतावरचा पांढरा ससा.

फोनमधला फिल्टर

सर्वांत सोपा मार्ग हाच. फोनच्या गॅलरीत किंवा व्हीएस्कोसारख्या अ‍ॅपमध्ये फिल्टर निवडायचा, कमीजास्त करायचा, झालं. बोक्याचा फोटो यात खरंच छान आला, कारण ऊन मुळातच सुंदर होतं आणि उबदार फिल्टरने तेच थोडं वाढवलं. कुत्रीचं मात्र नुकसान झालं. फिल्म कॅमेऱ्याची आठवण करून देणारे बरेच फिल्टर काळ्या रंगाला वर उचलून धुरकट करतात. माणसांच्या फोटोत ते हळवं वाटतं. काळ्या कुत्र्यावर मात्र अंगभर राख फासल्यासारखं दिसतं, आणि केसांची चमक सगळ्यात आधी जाते.

आणखी एक अडचण आहे. फोन फोटो काढतानाच त्यावर बरंच काम करतो. अंधारा भाग उजळतो, कडा धारदार करतो, रंग खुलवतो. त्यावर पुन्हा जोरदार फिल्टर लावला की धार दुप्पट होते आणि मऊ केस तारेसारखे दिसू लागतात. फिल्टर वापरायचाच असेल तर पूर्ण जोराने न लावता साधारण तिसऱ्या हिश्शावर आणून बघा. फोटो फक्त घरच्यांना पाठवायचे असतील तर एवढं पुरेसं आहे, पुढे काही शिकायची गरज नाही.

मोफत किंवा विकतचे तयार संच

खरा गोंधळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

बाजारात मिळणारे बहुतेक संच पोर्ट्रेटसाठी, म्हणजे माणसांसाठी बनलेले असतात. माणसाची त्वचा कुठल्याही छटेची असली तरी एडिटिंग सॉफ्टवेअरच्या हिशोबात ती मुख्यतः नारंगी रंगात मोडते. त्यामुळे चेहरा उजळ आणि नितळ दिसावा म्हणून हे प्रीसेट नारंगीची चमक वाढवतात आणि तिचा गडदपणा थोडा उतरवतात. आता केशरी बोका, सोनेरी रिट्रीव्हर किंवा तांबूस कुत्रा आठवून बघा. त्यांचं सगळं अंगच नारंगी आणि पिवळ्यात मोडतं! प्रीसेट त्यांना त्वचा समजून उजळवतो. माझा बोका उन्हात विटलेल्या कापडासारखा दिसायचा तो याच कारणाने. उपाय एका मिनिटाचा आहे. प्रीसेट लावल्यावर एचएसएल किंवा कलर मिक्सर (जिथे एकेक रंग वेगळा बदलता येतो) उघडायचा आणि नारंगी व पिवळ्याचे स्लायडर शून्यावर आणायचे. बाकीचा प्रीसेट तसाच राहतो, बोका परत येतो.

निसर्गचित्रांच्या संचात उलटी गंमत होते. ते हिरव्याला खोल आणि निळसर करतात. गवतावर बसलेल्या सशाच्या पोटाखाली गवताचा हिरवा उजेड आधीच परावर्तित होऊन पडलेला असतो, तोही त्याबरोबर बदलतो आणि पांढऱ्या केसांवर आजारी झाक दिसते.

खास पाळीव प्राण्यांचे म्हणून विकले जाणारे संच यापेक्षा बरे का? काही नक्कीच बरे असतात, कारण त्यात काळ्या, पांढऱ्या आणि तांबूस केसांसाठी वेगवेगळे प्रीसेट दिलेले असतात. घेण्याआधी मी तीन गोष्टी बघते. नमुना फोटोंमध्ये आपल्या प्राण्याच्या रंगाचा प्राणी आहे का? 'आधी'चा फोटो मुळातच चांगल्या उजेडातला आहे का? तसा असेल तर 'नंतर'च्या फोटोचं बरंचसं श्रेय उजेडाचं असतं. आणि तिसरं, संच रॉ (कॅमेऱ्याने जपलेला कच्चा) फोटोंसाठी आहे की जेपेगसाठी, म्हणजे नेहमीच्या तयार फोटोंसाठी.

हा तिसरा मुद्दा नवशिक्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून थोडं सविस्तर. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये त्या १६,३८४ असतात. रॉ फोटो उघडल्यावर जरा सपाट दिसतो आणि त्यासाठी बनवलेला प्रीसेट त्यात भरपूर कॉन्ट्रास्ट भरतो. तोच प्रीसेट आधीच कॉन्ट्रास्ट असलेल्या जेपेगवर लावला की सशाची पाठ पांढरीफटक आणि कुत्रीचं पोट काळंकुट्ट होतं. शिवाय लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रॉ फोटोचा व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या पिवळ्या-निळ्या झाकेची दुरुस्ती) केल्विन या मापात असतो, समजा ५५००, आणि जेपेगला मात्र फक्त उणे १०० ते अधिक १०० अशी पट्टी मिळते. ज्या प्रीसेटमध्ये व्हाइट बॅलन्सचा ठरावीक आकडा आहे, तो घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आणि बाहेरच्या सावलीत एकसारखा कधीच दिसणार नाही.

फाइलचा प्रकारही तपासा. संगणकावरच्या लाइटरूममध्ये सध्या एक्सएमपी फाइल चालते. फोनवर वापरण्यासाठी बरेच विक्रेते डीएनजी फोटोच्या रूपात प्रीसेट देतात. तो फोटो अ‍ॅपमध्ये उघडून त्यावरून प्रीसेट जपून ठेवायचा असतो. संच घेतल्यावर तो कसा बसवायचा हेच न कळल्यामुळे कंटाळून सोडून देणारे मी पाहिले आहेत.

प्राणी ओळखणारे प्रीसेट

लाइटरूममध्ये आता असेही प्रीसेट आहेत, जे फोटोतला मुख्य विषय स्वतः ओळखून त्याच्यापुरता मास्क (निवडलेल्या भागाचा आकार) बनवतात आणि बदल तेवढ्यावरच करतात. काळ्या कुत्रीच्या फोटोत हा मार्ग सर्वांत सरस ठरला. पार्श्वभूमी आहे तशी राहिली, फक्त तिच्या अंगावरच्या शॅडोज किंचित उघडल्या आणि केसांच्या लाटा दिसू लागल्या. सशाच्या बाबतीत मास्क कानांच्या कडेला अडखळला. मिशा आणि मऊ केसांच्या टोकांवर हे मास्क चुकतात, आणि बदल जोराचा असेल तर प्राण्याभोवती उजळ किनार दिसते. फोटो शंभर टक्के मोठा करून कान, मिशा आणि शेपटीचं टोक बघितल्याशिवाय तो फोटो कुणाला पाठवू नका.

यासाठी संगणकाला किंवा फोनला जरा जास्त दम लागतो, आणि लाइटरूमच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये मास्किंगसारख्या काही सोयी पैसे भरल्यावरच खुल्या होतात. खर्च करायचा नसेल तर स्नॅपसीड मोफत आहे. त्यात केलेले बदल आपला 'लूक' म्हणून ठेवता येतात आणि एखादा बदल फोटोच्या ठरावीक भागावर बोटाने रंगवताही येतो. संगणकावर डार्कटेबल पूर्णपणे मोफत आहे. तिथे अनेक बदलांच्या अशा संचाला 'स्टाइल' म्हणतात. मात्र डार्कटेबलचा पहिला आठवडा जड जातो, हे मनाशी धरून सुरू करा.

स्वतः बनवलेला प्रीसेट

माझं मत या बाजूला झुकतं आणि त्याचं कारण साधं आहे. तुम्ही हजार वेगवेगळ्या प्राण्यांचे फोटो काढत नाही. तुमच्याकडे एक किंवा दोन प्राणी आहेत, त्यांचा रंग ठरलेला आहे, आणि ते बहुतेक वेळ त्याच खोलीत, त्याच खिडकीजवळ असतात. विकतचा प्रीसेट सगळ्यांना चालावा म्हणून बनवलेला असतो. तुम्हाला फक्त तुमच्याला चालायला हवा आहे.

काळ्या प्राण्याने चौकट भरली की कॅमेऱ्याचा मीटर फसतो. समोरचं सगळं मध्यम करडं असावं असं धरून तो फोटो उजळवतो, म्हणून काळा कुत्रा मुळातच करडा येतो. पांढऱ्या सशाला तोच मीटर काळवंडवतो. म्हणून कुत्रीसाठी मी एक्स्पोजर साधारण अर्धा स्टॉप (स्टॉप म्हणजे उजेडाचं माप) खाली आणते, ब्लॅक्स (सगळ्यात काळे भाग) थोडे खाली ओढते आणि शॅडोज हलक्याच उचलते. शॅडोज जास्त उचलल्या तर कमी उजेडातल्या फोटोत काळ्या केसांमधून रंगीत दाणे वर येतात. सशासाठी उलट: एक्स्पोजर वर, हायलाइट्स (सगळ्यात उजळ भाग) चांगल्या खाली, म्हणजे पाठीवरचे केस एकेक दिसतात. बोक्यासाठी जवळजवळ काहीच नाही, फक्त नारंगीची चमक जराशी कमी, म्हणजे अंगावरचे पट्टे उठतात.

केसांसाठी टेक्स्चर आणि क्लॅरिटी या दोन स्लायडरमध्ये निवड करावी लागते. टेक्स्चर बारीक तपशील उठवतं आणि मऊपणा टिकवतं. क्लॅरिटी मधल्या छटांमध्ये कॉन्ट्रास्ट भरते, थोडी जास्त झाली की मांजर चिखलातून आल्यासारखं दिसतं. मी टेक्स्चर १५ ते २० च्या आसपास ठेवते आणि क्लॅरिटीला हात लावत नाही.

प्रीसेट जपून ठेवताना लाइटरूम विचारतं की कोणकोणत्या गोष्टी त्यात घ्यायच्या. व्हाइट बॅलन्स आणि मास्क यांच्यावरची खूण काढा. एक्स्पोजरबद्दल मतभेद आहेत. मी तेही वगळते, कारण उजेड रोज बदलतो. रंग, टेक्स्चर आणि शॅडोज प्रीसेटमध्ये, व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर प्रत्येक फोटोला हाताने, अशी माझी वाटणी आहे. दर फोटोमागे अर्धं मिनिट जातं आणि निकाल खूप पुढे जातो.

या चारही मार्गांना काही गोष्टी जमत नाहीत. पळणाऱ्या कुत्र्याचा हललेला फोटो प्रीसेटने स्थिर होत नाही. त्यासाठी काढतानाच शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान हवं. फ्लॅशमुळे डोळे हिरवे-पिवळे चमकतात ते डोळ्याच्या आतल्या परावर्तक थरामुळे. माणसांसाठीचं रेड आय हत्यार तिथे चालत नाही, लाइटरूममध्ये पेट आय नावाचं वेगळं आहे. फ्लॅश न वापरणं त्याहून बरं, प्राण्यालाही ते सुखाचं.

मग कुणी काय घ्यावं? एकच फिकट किंवा केशरी मांजर, फोनवरचे फोटो, एडिटिंगची फारशी हौस नाही: फोनचा फिल्टर, तिसऱ्या हिश्शावर. शिकायची हौस आहे पण सुरुवात कुठून करावी कळत नाही: एखादा मोफत संच घ्या, त्यातला आवडलेला प्रीसेट लावा आणि कुठले स्लायडर हलले ते एकेक करून बघा. माझं निम्मं शिक्षण असंच झालं. विकतचा संच मी फक्त त्यांना सुचवीन, ज्यांच्याकडे वेगवेगळ्या रंगांचे बरेच प्राणी येतात, उदाहरणार्थ प्राण्यांच्या निवाऱ्यासाठी दत्तक जाहिरातींचे फोटो काढणारे. त्यांना वेळ नसतो, आणि काळं कुत्रं फोटोत नीट दिसणं तिथे फार मोलाचं असतं. काळ्या किंवा पांढऱ्या प्राण्याच्या घरी, थोडा खर्च चालत असेल तर, प्राणी ओळखणारा प्रीसेट आधी करून बघा. बाकी सगळ्यांनी एखाद्या निवांत दुपारी आपल्या प्राण्याचे दहा फोटो घेऊन स्वतःचा प्रीसेट बनवावा.

माझी कुत्री आता म्हातारी होत आली आहे. तोंडाभोवती पांढरे केस आले आहेत आणि जुन्या प्रीसेटमध्ये ते काळ्यात बुडून जायचे. गेल्या महिन्यात मी ब्लॅक्स थोडे वर घेतले, टेक्स्चर दोनने वाढवलं आणि नवा प्रीसेट तिच्या नावाने, वर्ष घालून ठेवला. जुनाही ठेवला आहे, तिच्या तरुणपणीच्या फोटोंसाठी.