तेरियाकी सॉसची बाटली: पातळ घ्यावी की घट्ट?

जपानीत 'तेरी' म्हणजे चकाकी आणि 'याकी' म्हणजे भाजलेलं. त्यामुळे सळईवर भाजलेला चिकनचा तुकडा चकाकतो का, एवढीच या गोड-खारट सॉसची परीक्षा. दुकानात मात्र तेरियाकी या एकाच नावाखाली दोन निराळ्या वस्तू मिळतात. एक सोया सॉसइतकी पातळ, दुसरी केचपसारखी दाट. बाटली हलवून पाहिली की कळतं.

भाजायला दाट सॉस नको. त्याचा दाटपणा कॉर्नस्टार्चचा किंवा झँथन गमचा असतो (घट्टपणा आणणारा पदार्थ, लेबलवर क्रमांक ४१५). आच लागली की त्यावर साय धरते, तिचा पापुद्रा होतो आणि आतलं मांस शिजायच्या आत तो करपतो. खरी चकाकी आटवलेल्या साखरेच्या पाकाची. लेबलवर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने असतात. सोया सॉस आधी आणि साखर नंतर असेल ती बाटली घ्यावी.

पातळ सॉसचीही एक खोड आहे: थेट लावला तर ओघळून तव्यावर जळतो. म्हणून १०० मिली सॉस छोट्या पातेल्यात मंद आचेवर साधारण ६० मिलीपर्यंत आटवायचा. चमचा बुडवून त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. ती मिटली नाही की गॅस बंद. गार झाल्यावर तो आणखी दाटतो, म्हणून थोडा आधीच थांबलेलं बरं. आटल्यावर खारटपणाही वाढतो, तेव्हा चमचाभर साखर घालावी, मीठ अजिबात नाही.

चिकन मांडीचंच हवं. नुसतं 'बोनलेस' म्हटलं की बहुधा छातीचं हातात पडतं, आणि ते सळईवर कोरडं होतं. ५०० ग्रॅमचे ३ सेंमीचे तुकडे, ४ मोठे चमचे न आटवलेला सॉस, अर्धा तास. रात्रभर ठेवू नये. मिठाने मांस आवळतं आणि चिवट होतं. तेवढ्या वेळात बांबूच्या काड्याही पाण्यात भिजतात. ओवताना मध्ये पातीच्या कांद्याचे पांढरे दांडे घातले की जपानी 'नेगिमा'च्या (चिकन आणि पातीच्या कांद्याची सळई) जवळ जातं. तुकडे एकमेकांना टेकावेत, दाबून बसवू नयेत, नाहीतर सांध्यातला भाग कच्चा राहतो.

आता सगळ्यात जास्त वगळली जाणारी पायरी: भाजण्याआधी तुकडे कागदाने पुसायचे. ओलं मांस भाजत नाही, वाफवतं. ग्रिल पॅनला तेलाचा हात लावून मध्यम आचेवर दोन्ही बाजू सुमारे ४-४ मिनिटं, सॉस न लावता. मग आटवलेला सॉस ब्रशने तीनदा, दर वेळी अर्ध्या मिनिटाने उलटत. आत ७४ अंश सेल्सिअस झालं की उतरवावं. कच्चं चिकन मुरलेला सॉस ब्रशसाठी वापरू नये.

घरी करायचा तर ६० मिली सोया सॉस, ६० मिली मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी तांदळाची दारू), ३० मिली साके (तांदळाचीच जपानी दारू), दीड मोठा चमचा साखर. चव बाटलीपेक्षा उजवी, यात वाद नाही. अडतं ते मिरिन-साकेपाशी. मिरिनसारखी म्हणून मिळणारी स्वस्त बाटली बहुतेक साखरेचं पाणीच असते. सोया सॉस पाणी, सोयाबीन, गहू, मीठ एवढ्याच घटकांचा हवा. इंडो-चायनीजसाठीचा डार्क सोया आटला की कडवट होतो.

दाट बाटली आधीच घरात आली असेल तर तिचा उपयोग बुडवून खायला. भज्यांबरोबर ती खरंच छान लागते.