हेली येतं, आता विमान घ्यावं का? खेड्यातल्या आरसीवाल्यासाठी तुलना

४५० साइजचं (लहान-मध्यम मापाचं) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरता येतं, त्याचं नाक आपल्याकडे असलं तरी बोटं गोंधळत नाहीत, आणि आता विमान खुणावतंय. अशा माणसाला हमखास ऐकायला मिळतं की हेली जमलं त्याला विमान म्हणजे पोरखेळ. हे अर्धंच खरं. बोटांना विमान सोपं जातं, डोक्याला वेळ लागतो. शिवाय विदर्भातल्या खेड्यात राहून हा छंद करायचा, तर या दोन्हींच्या आधी प्रश्न येतो वावराचा.

जागा आणि हंगाम

हेलीचं जिल्हा परिषद शाळेच्या सुट्टीतल्या पटांगणावर भागतं, मळणी आटोपलेल्या खळ्यातही भागतं. विमानाचं तसं नाही. सव्वा मीटर पंखांचं फोमचं ट्रेनर (शिकाऊ विमान) सेकंदाला १० ते १२ मीटर जातं. चौरस एकराची बाजू जेमतेम ६४ मीटर, म्हणजे पाच-सहा सेकंदांत विमान धुऱ्याच्या पार. उडायला शेजाऱ्याच्या वावरावरचं आभाळ चालतं, पण उतरायला आपली निदान दोन एकर मोकळी पट्टी हवी आणि उतरायच्या वाटेत विजेची तार किंवा बाभळीची रांग नको.

अशी पट्टी मिळते कधी? पावसाळ्यात सोयाबीन, पऱ्हाटी आणि तूर उभी असते. तूर तर जानेवारीपर्यंत हलत नाही, आणि माणसाच्या डोक्यावर गेलेल्या तुरीत पडलेलं विमान शोधणं हा वेगळाच उद्योग आहे. (बॅटरी जोडलेली राहिली असेल तर थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्यावर ठेवून रिमोटची उजवी स्टिक हलवत चाला, सर्व्होची, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरांची, किरकिर ऐकू येते.) खरी सोय होते दिवाळीनंतर. सोयाबीन निघालेलं असतं आणि ओलित नसल्याने हरभरा पेरलेला नसतो, असं कोरडवाहू वावर मालकाला विचारून वापरता येतं. पुढे नांगरट झाली की ढेकळांत चाकांचा उपयोग संपतो आणि उन्हाळ्यात काळ्या मातीच्या भेगांत चाक अडकून विमान नाकावर उलटतं. मग हातातून सोडायचं आणि पोटावर उतरवायचं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांध्या लहान, मध्ये धुरेच धुरे. तिथे चाकं पहिल्या दिवसापासून काढून ठेवलेली बरी, नाहीतर गायरान गाठावं. थोडक्यात, हेली बारमाही आणि विमान नोव्हेंबर ते मे.

वारा

इथे हेली वरचढ, हे नवख्यांना पटत नाही. ४५० च्या पात्यांची टोकं ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या घरात फिरतात, त्यामुळे वीसच्या झोताचं त्यांना फारसं काही वाटत नाही. ट्रेनर उडतंच ताशी चाळीसने. त्याच झोताने त्याचा वेग निम्म्याने वाढतो किंवा घटतो, आणि घटला की पंख हवा सोडतात. म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी, वावटळी उठत असताना, हेलीवाला उडवू शकतो आणि विमानवाल्याने घरी बसावं. सकाळी आठच्या आत मात्र हिवाळ्यात विदर्भासारखी शांत हवा नाही. उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळा: ४५ अंशांत बंद गाडीत ठेवलेला फोम वाकतो आणि लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी फुगते.

हात काय घेऊन येतो

सगळा मामला इथेच आहे. आधी फायद्याचं सांगतो. विमानापासून सुरुवात केलेल्यांचा डावा अंगठा रडरच्या (नाक डावीकडे-उजवीकडे फिरवणाऱ्या नियंत्रणाच्या) बाबतीत वर्षानुवर्षं झोपलेला असतो. हेलीवाल्याचा जागा असतो, कारण शेपूट सांभाळल्याशिवाय हेली उडतच नाही. आडव्या वाऱ्यात उतरताना ही कमाई कामी येते. दुसरा फायदा दिशेचा. विमान आपल्याकडे यायला लागलं की डावं-उजवं उलटं होतं, आणि नवशिक्यांची बरीचशी विमानं तिथेच पडतात. ज्याने नाक स्वतःकडे करून हेली स्थिर धरलंय, त्याची ही परीक्षा आधीच झालेली असते. शिवाय वरच्या पंखांचं ट्रेनर स्टिक मोकळी सोडली की बहुधा स्वतःच सरळ होतं. हेलीला रेस्क्यूचं (आपोआप सरळ करणारं) बटण नसेल तर दोन सेकंद हात काढून पाहा.

आता अडचणी. हेलीवाल्याला थांबायची सवय असते: गोंधळ झाला की स्टिक मागे ओढायची, वेग मारायचा, एका जागी उभं राहून विचार करायचा. विमानात एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारं नियंत्रण) ओढून वेग मारला की स्टॉल होतो, म्हणजे पंख हवा सोडतात, एक पंख खाली पडतो आणि उंची कमी असेल तर सावरायला वेळच उरत नाही. विमानात विचार चालता-चालता करावा लागतो. त्यासाठी उंची हवी, अंतर हवं. आठ-दहा मीटरवर हेली पाहायची सवय झालेल्या डोळ्यांना साठ-सत्तर मीटरवरचं विमान फार लांब वाटतं, म्हणून ते जवळ ओढलं जातं आणि वळणं अरुंद होतात.

वळणाचंही तेच. एका जागी असलेल्या हेलीचं नाक रडरने फिरवतात. विमान एलेरॉनने (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्यांनी) कलवायचं आणि मग एलेव्हेटरने त्या वळणात धरून ठेवायचं. नुसत्या रडरने, तेही कमी वेगात, वळण घेऊ गेलात की आतला पंख बसतो.

उतरणं सर्वांत परकं. हेली वरून खाली येतं. विमानाला वाऱ्याकडे पाठ करून लांब जायचं, वळायचं, वाऱ्याला तोंड देत थ्रॉटल उतरवत यायचं आणि शेवटच्या हातभर उंचीवर नाक किंचित उचलायचं असतं. ज्याने हेलीचं ऑटोरोटेशन केलंय, त्याला हे लवकर कळतं. मोटर बंद करून पात्यांत साठलेली ताकद शेवटच्या क्षणासाठी राखायची आणि जमिनीजवळ खर्च करायची, हाच हिशेब विमानात वेगाचा असतो. ऑटो न केलेले हेलीवाले फार उंचावरून, फार सरळ खाली येतात. तसं झालं तर थ्रॉटल देऊन पुन्हा एक फेरी मारा, बॅटरीत तेवढी शिल्लक ठेवूनच उतरायला घ्या.

ट्रान्समीटर

तोच चालतो, पण हेलीची मेमरी कॉपी करू नका. नवं मॉडेल एअरप्लेन प्रकारात उघडा, म्हणजे हेलीच्या पात्यांच्या सेटिंग्ज (स्वॉशचं मिक्सिंग आणि पिच कर्व्ह) सोबत येत नाहीत. हेलीत आयडल-अपचा स्विच वर केला की थ्रॉटल स्टिक खाली असूनही मोटर जोरात फिरते. ती सेटिंग विमानात राहिली आणि सवयीने बोट गेलं, तर पंखा (प्रॉपेलर) हातापासून वीतभर अंतरावर सुरू होईल. हेलीपासून आपण लांब उभे असतो, विमान हातात धरून सोडतो. म्हणून हेलीची मोटर थांबवणाऱ्या होल्डच्याच स्विचवर थ्रॉटल कट (मोटर पूर्ण बंद करणारी सोय) बसवा आणि सिग्नल गेला तर मोटर बंद होते का, हे पंखा काढून तपासा. घरी सिम्युलेटर असेलच, त्यातलं विमान निवडून फक्त उतरण्याचा सराव करा.

पडझड आणि खर्च

हेली एकदा आपटलं की पाती, फेदरिंग शाफ्ट, मेन शाफ्ट, टेल बूम, मेन गिअर आणि एखाद्या सर्व्होचे दात. सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत, पार्सलची वाट पाहावी लागते. फोमचं विमान ग्लू गन, फायबर टेप आणि बांबूच्या काडीवर संध्याकाळी पुन्हा उभं राहतं. साध्या थर्माकोलला फेविक्विक लावू नका, थर्माकोल विरघळतं. ईपीओ-ईपीपी या लवचीक फोमला चालतं. हौस असेल तर निवडणूक उरकल्यावर गोळा होणाऱ्या कोरोप्लास्टच्या (पोकळ प्लॅस्टिकच्या) फलकांतून विमान घरीच कापता येतं. जड होतं, पण मोडत नाही. ४५० ची ३एस २२०० (तीन सेलची, २२०० एमएएच) बॅटरी या मापाच्या बऱ्याच ट्रेनरना चालते, कनेक्टर तेवढा पाहून घ्या. १२ व्होल्टवर चालणारा चार्जर असेल तर वावरात ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही काम होतं.

कोणतं विमान

तीन चॅनलचं (तीन स्वतंत्र नियंत्रणांचं) मोटर ग्लायडर शांत असतं, उन्हाळी वर चढणाऱ्या हवेत घारींसोबत रेंगाळतं, पण हेलीवाल्याला त्यात एलेरॉन नसल्याचं खटकतं. पंख्यावर लटकणारं सपाट फोमचं थ्रीडी (कसरतींचं) विमान हेलीवाल्यांना मोहात पाडतं, कारण तेही थांबतं. त्याचमुळे पहिलं म्हणून ते नको, जे शिकायचं तेच टळतं. डेल्टा (त्रिकोणी पंखांचं विमान) दणकट, पण रडर नाही आणि मागचा पंखा सोडणाऱ्याच्या हाताजवळ. माझं मत चार चॅनलच्या, वरच्या पंखांच्या, १.२ ते १.४ मीटर ट्रेनरला. स्टॅबिलायझर (विमान आपोआप स्थिर राखणारा भाग) असला तर सुरुवातीची काही उड्डाणं चालू ठेवा, मग बंद करा.

कायद्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच पारड्यात. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅम ते २ किलो म्हणजे मायक्रो वर्ग. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. नागपूरखेरीज बेलोरा (अमरावती), शिवणी (अकोला) आणि बिरसी (गोंदिया) हे विमानतळही लक्षात ठेवा. बिरसीला तर वैमानिक प्रशिक्षणाची विमानं उडतात. बाकी बघायला आलेली मंडळी दोन्हीकडे बघून एकच विचारतात, "हे किती एकर फवारते जी?"

गावाभोवती बारमाही ओलित असेल, मोकळं वावरच नसेल, तर हेलीतच पुढे जा. वावर असेल तर विमान घ्या, पण हेली विकू नका, जून ते ऑक्टोबर तेच उडेल. आणि विमान दिवाळीच्या सुमारास मागवा. मे महिन्यात खोकं घरी आलं की नांगरलेल्या वावरात, दुपारच्या वाऱ्यातच पहिलं उड्डाण करायची घाई होते.