उत्तर कॅनडाची तीन नाणी, हिवाळ्यापासून वापरल्यावर

ओंटारिओतल्या लेक सिम्कोवर तंबूत बसून बर्फातल्या भोकातून पर्च मासे काढायचं वेड लागल्यापासून इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या, मासेमारीचं एखादं नाणं हवं होतं, तो तीन टोकांचा भाला असतो ना, काकिवाक, तो असलेलं. चिल्लरमध्ये तसलं काही मिळालं नाही, पण त्या नादात 1999 चा नुनावुत टूनी (दोन डॉलरचं नाणं), त्याच वर्षीचा एप्रिलचा क्वार्टर (पंचवीस सेंटचं नाणं, त्या वर्षी दर महिन्याला वेगळं निघालं) आणि 2013 चा व्हेलवाला क्वार्टर असे तीन गोळा झाले. वापरतोस म्हणजे काय करतोस, घालून फिरतोस का, असं बायको विचारते. खिशात ठेवतो, पोरांच्या हातात देतो, दाखवतो, झालं.

टूनी तर एक नंबर! 1 एप्रिल 1999 ला कॅनडाच्या उत्तरेचा नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला म्हणून नेहमीच्या अस्वलाच्या जागी ढोल घेऊन नाचणारा माणूस, डिझाईन जर्मेन अर्नाक्टाउयोक यांचं. पार्का घातलाय, हातात तो मोठा चपटा ढोल, आणि हा ढोल वाजवताना काठी चामड्यावर नाही तर कडेवर मारतात, हे कळल्यावर नाणं परत हातात घेऊन बघितलं. 7.3 ग्रॅम वजन, खिशात मस्त जाणवतं.

वैताग आला तो पाकिटाचा. दुकानदाराने मऊ पीव्हीसीच्या पाकिटात घालून दिला होता, उन्हाळ्यात बेसमेंट दमट झालं आणि मधल्या पिवळ्या भागावर हिरवट चिकट थर, त्यात तांबं जास्त असतं म्हणून तिथेच धरतं. शुद्ध अॅसिटोनमध्ये बुडवून ठेवला, न घासता, तेव्हा निघालं. नेलपॉलिश रिमूव्हर नको हां, त्यात वास-तेल काय काय असतं. आता 28 मिमीच्या कडक कॅप्सूलमध्ये आहे, म्हणजे खिशातून गेलाच, त्यामुळे फिरवायला अजून एक घेतला, चिल्लरमधून आला तर दोन डॉलरलाच पडतो.

एप्रिलचा क्वार्टर केनोजुआक अशेवाक यांचा, घुबड आणि अस्वल, गोड आहे, पण वापरून आलेला असेल तर बारीक रेषा सपाट होतात, जरा बघून घ्या.

व्हेलवाला टिम पिट्सिउलाक यांचा, नुनावुतमधल्या किनगाइट गावचे कलाकार. हा दोन फिनिशमध्ये येतो, धुरकट भाग वेगवेगळ्या जागी, दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही. स्टीलवर मुलामा आहे, मॅग्नेटला चिकटतो, पोरं तासभर गप्प बसतात. बर्फावर नेतो तो हाच, भोकात पडला तरी पंचवीस सेंट.