सीआरएनए स्कूल : फ्रंट-लोडेड घ्यावं की इंटिग्रेटेड, आणि इंटरव्ह्यू कुठल्या पद्धतीचा झेपेल

अमेरिकेत आयसीयूत काम करणाऱ्या आपल्या मराठी नर्सेसपैकी बऱ्याच जणी (आणि आता काही मुलंही) सीआरएनए, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी भूल देणारी नर्स, व्हायचा विचार करताहेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, की ॲडमिशन सोप्पी कुठे आहे. मला वाटतं सुरुवात तिथून करू नका. तीन वर्षं पगार बंद ठेवून जिथे राहायचंय तिथली शिकवायची पद्धत आपल्याला आणि आपल्या घराला झेपणारे का, हे आधी बघा आणि मग अर्ज भरा.

पात्रतेचं पटकन सांगते. आरएन (रजिस्टर्ड नर्स) लायसन्स, बॅचलर्स डिग्री आणि कमीत कमी एक वर्ष फुलटाइम क्रिटिकल केअर, एवढं सगळीकडे लागतंच. एक वर्ष हे नियमातलं झालं, निवड होणाऱ्यांकडे बहुतेक वेळा त्याहून जास्त अनुभव असतो. २०२२ पासून सगळे नवीन विद्यार्थी डॉक्टरेटलाच घेतात, डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट) किंवा डीएनएपी (नर्स ॲनेस्थेशियातली), त्यामुळे साधारण तीन वर्षं धरूनच चाला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून आला असाल तर आधी बॅचलर्स, म्हणजे बहुतेक वेळा बीएसएन, पूर्ण करावी लागेल. बीएस्सी नर्सिंग नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची असेल तर ट्रान्सक्रिप्ट मागवणं आणि इव्हॅल्युएशन (इथल्या डिग्रीशी तुलना) करून घेणं हे काम सगळ्यात आधी सुरू करा, कारण बाकी सगळं तुमच्या हातात असतं, हे नसतं. सीसीआरएन, म्हणजे क्रिटिकल केअर नर्सिंगची सर्टिफिकेशन परीक्षा, काही ठिकाणी ऐच्छिक असते, तरी देऊनच टाका, गेल्या दोन वर्षांत १७५० तास आयसीयूत भरले असले की बसता येतं (त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले हवेत) आणि तोच अभ्यास पुढे इंटरव्ह्यूला उपयोगी पडतो.

आता मुख्य मुद्दा. फ्रंट-लोडेड म्हणजे पहिलं वर्षभर, कुठे त्याहून थोडं जास्त, नुसते क्लास आणि सिम्युलेशन लॅब. फार्माकॉलॉजी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री-फिजिक्स, ॲनेस्थेशिया मशीन, हे सगळं आधी डोक्यात भरतात आणि मग ओआरमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) सोडतात. इंटिग्रेटेडमध्ये काही महिन्यांतच आठवड्यातले एक-दोन दिवस क्लिनिकल सुरू होतं आणि हळूहळू वाढत जातं, क्लास बाजूला चालूच. शेवटी दोघांनाही किमान २००० तास क्लिनिकल करावं लागतं आणि सर्टिफिकेशनची परीक्षाही एकच, त्यामुळे तीन वर्षांनी हातात पडणारी डिग्री सारखीच. फरक आहे तो मधल्या तीन वर्षांत.

फ्रंट-लोडेडचा फायदा असा की ओआरमध्ये पहिल्या दिवशी प्रिसेप्टरने (तिथे शिकवणाऱ्या अनुभवी सीआरएनएने वगैरे) काही विचारलं तर पाया तरी पक्का असतो, आणि पहिलं वर्ष घराला कळेल असं असतं, क्लास कधी, परीक्षा कधी, मुलांना डे-केअरमधून कोण आणणार हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरवता येतं. तोटा म्हणजे सुरुवातीच्या सेमिस्टरमध्ये जे पाठ केलं ते प्रत्यक्ष वापरेपर्यंत वर्ष उलटतं आणि परत सगळं काढून वाचावं लागतं. शिवाय ओआरमधलं काम आपल्याला मनापासून आवडतं का हे कळायला फार उशीर होतो, म्हणून या पद्धतीला जाणाऱ्यांनी शॅडोइंग (सोबत राहून नुसतं काम बघणं) भरपूर करा, एक दिवस करून फॉर्मवर टिक मारण्यापुरतं नको. एखाद्या सीआरएनएबरोबर सकाळी सकाळी उभं राहून बघा, मशीन चेक, सक्शन चालू आहे का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, ट्यूबचा कफ फुगवून बघायचा, प्रत्येक सिरिंजला लेबल, आणि हे सगळं पेशंट आत यायच्या आधी, रोज, न चुकता. हे बघताना कंटाळा आला तर तो तिथेच येऊ द्यात, कर्ज काढल्यावर नको.

इंटिग्रेटेडमध्ये सोमवारी व्होलाटाइल गॅसेस (श्वासातून द्यायची भूल) शिकलात तर त्याच आठवड्यात ती सोडणाऱ्या व्हेपोरायझरचा डायल तुमच्या हातात असतो, असं शिकलेलं विसरत नाही. ज्यांना हाताने केल्याशिवाय डोक्यात जात नाही त्यांना हे फार मानवतं. पण पहाटे उठून ओआर सेटअप, दिवसभर केसेस, संध्याकाळी उद्याच्या पेशंटचे केअर प्लॅन आणि त्याच आठवड्यात फार्माची परीक्षा, हे सगळं एकदम अंगावर येतं. घरात लहान मूल असेल आणि सासू-सासरे किंवा आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येऊन परत जाणार असतील तर हा हिशोब खरंच कागदावर मांडून बघा.

इंटरव्ह्यूचे पण ढोबळ दोन प्रकार. एक क्लिनिकल, जिथे ते तुम्हाला खोलात नेतात. समजा विचारलं, सेप्टिक शॉकचा पेशंट, लेव्होफेड (रक्तदाब वाढवणारं औषध) वाढवत नेलंय तरी मॅप (सरासरी रक्तदाब) ५५, म्हणजे कमीच, आता काय? व्हॅसोप्रेसिन लावेन म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, का? मग सांगावं लागतं की हे व्ही-वन रिसेप्टरवर काम करतं, ॲसिडोसिसमध्ये कॅटेकोलामाइन्सचा जोर कमी पडतो तिथे याचा उपयोग होतो. मग विचारतील, आणि हृदयच नीट पंप करत नसेल तर? फिनाइलेफ्रिनने हार्ट रेट का पडतो? मिलरिनोन किडनी खराब असताना जपून का? तुम्ही अडकेपर्यंत ते थांबत नाहीत, आणि अडकल्यावर तुम्ही काय करता हेच त्यांना बघायचं असतं. थाप मारू नका. नक्की माहीत नाही, पण मी असा असा विचार करेन, हे उत्तर चालतं, खोटा आत्मविश्वास चालत नाही, कारण ओआरमध्ये तो पेशंटच्या जिवावर बेततो.

दुसरा प्रकार स्वभाव बघणारा. डॉक्टरशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत, तुमच्याकडून झालेली चूक सांगा, टीका झाली की कसं घेता. आपल्याला क्लिनिकल सोपा जातो असा माझा अनुभव आहे, पाठांतराची आणि तोंडी परीक्षेची सवय लहानपणापासूनची. हा दुसरा जड जातो, कारण स्वतःचं कौतुक स्वतः करू नये असं आपल्याला शिकवलेलं असतं, मग आपण ‘टीमने केलं’ म्हणून विषय संपवतो आणि समोरच्याला कळतच नाही की त्या रात्री कोड (हृदय बंद पडलेल्या पेशंटला वाचवायची धावपळ) चालू असताना निर्णय तुमचा होता. प्रसंग खरे निवडा, इंग्रजीत मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा, नवऱ्याला किंवा मैत्रिणीला ऐकवा. उत्तर पाठ करू नका, ते लगेच ओळखतात.

कुठल्या स्कूलचा इंटरव्ह्यू कसा असतो हे तिथल्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना विचारून आधी कळतं, त्याप्रमाणे तयारीचा वेळ वाटून घ्या.

पैशाचं मात्र नीट ऐका. फेडरल (सरकारी) लोन सिटिझन, ग्रीन कार्डवाले आणि निर्वासितांसारख्या मोजक्या गटांनाच मिळतं, एच-फोर किंवा एच-वन-बी व्हिसावर असाल तर नाही. आणि २०२५ च्या नव्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नवीन विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस लोन (फीचा उरलेला सगळा खर्च भागवणारं सरकारी कर्ज) बंद, ग्रॅज्युएट विद्यार्थ्याला वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच, प्रोफेशनल गटात धरलं तर ५०,०००. तुमचा प्रोग्रॅम कुठल्या गटात धरतात हे फायनान्शियल एड ऑफिसकडून ईमेलवर लेखी घ्या. उरलेली फी प्रायव्हेट लोनने भरायची म्हणजे व्याज वेगळं, को-सायनर (जामीन राहणारा) वेगळा. क्लिनिकल साइट लांब असेल तर दुसरं भाडंही धरा, हे दोन्ही पद्धतींत होतं.

प्रत्येक प्रोग्रॅमला किती विद्यार्थी मध्येच गळाले आणि किती जण पहिल्या प्रयत्नात पास झाले हे जाहीर करावं लागतं, वेबसाइटवर असतं. पास होणारे भरपूर पण गळतीही भरपूर, असं दिसलं तर इंटरव्ह्यूच्या शेवटी सरळ विचारा की मागे पडलेल्याला तुम्ही कशी मदत करता. उत्तर गोलमोल आलं तर मी तिथे जाणार नाही.

माझं मत विचाराल तर घरात लहान मुलं आणि इथे हाताशी नातेवाईक नाहीत, त्यांनी फ्रंट-लोडेड घ्यावं. आयसीयूत बरीच वर्षं झालीत, स्वान आणि बलून पंप (हृदयाच्या गंभीर पेशंटला लावायची साधनं) रोजचे आहेत आणि घरी सांभाळणारं कोणी आहे, त्यांनी इंटिग्रेटेडला बिनधास्त जावं. आणि अर्ज करतानाच प्रत्येक स्कूलच्या इंटरव्ह्यूच्या तारखा एका कागदावर लिहून ठेवा, कारण आवडत्या स्कूलचा इंटरव्ह्यू व्हायच्या आधीच दुसरीकडून ऑफर येते, डिपॉझिट भरायला थोडेच दिवस देतात आणि ते बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. अशा वेळी आवडत्या स्कूलच्या ॲडमिशन ऑफिसला नम्रपणे ईमेल करून निर्णय कधी कळेल ते विचारा, यात काहीच गैर नाही.